निळ्या सीटवरची बारी

पवळेवस्ती, शिरूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमा,

तुला आणि विक्रमरावांना आशीर्वाद. विक्रमरावांना जरा जास्तच, कारण त्यांना रोज तुझ्याबरोबर राहायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे मी तुझ्याशी अबोला धरलेला आहे. हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे, तेव्हा अबोला सुटला असं समजू नकोस. फोन केलास तर उचलणार नाही. मामीच्या फोनवर केलास तर मी उठून गोठ्यात जाईन.

कारण तुला पक्कं माहीत आहे, तरी लिहितो. दिवाळीत तू आलीस आणि म्हणालीस, "मामा, दौंडचा तुमचा स्टेशनजवळचा गाळा खतवाल्यानं सोडलाय ना? मला द्या. कॉम्प्युटरचं काहीतरी काढते." मी एका शब्दानं विचारलं नाही. बहिणीची एकुलती एक लेक, किल्ली काढून हातात दिली. वर सगळ्या वस्तीला सांगत सुटलो, की आमच्या अनूनं दौंडात कॉम्प्युटरचा क्लास काढलाय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. सोयऱ्यांच्या साखरपुड्यात सांगितलं. दोघातिघांच्या पोरी तुझ्या क्लासला पाठवायचं ठरलंसुद्धा.

परवा हौशीराम कांद्याचा टेम्पो घेऊन दौंडला गेला होता. परत आला आणि चहाच्या टपरीवर भर गर्दीत म्हणाला, "सर्जेरावमामा, भाचीचा क्लास लई भारी हाय तुमच्या. पोरं खुर्चीत बसत्यात, स्टेरिंग फिरवत्यात आन् मोटारी ठोकत्यात. म्या बी दोनदा ठोकली." सगळी टपरी हसून लोळायची बाकी राहिली. मी अर्धा चहा तसाच टाकून घरी आलो.

व्हिडिओ गेम! ज्या माणसानं उभा जन्म बैलगाडा शर्यतीच्या घाटात काढला, ज्याच्या बैलांचं नाव माइकवर पुकारलं की माणसं झाडावर चढायची, त्याच्या गाळ्यात प्लास्टिकच्या मोटारी पळतायत. पाडव्यापर्यंत गाळा रिकामा कर. औषधाच्या दुकानाला जागा पाहिजे म्हणून एक जण मागं लागलाय, त्याला देतो.

पत्र हौशीरामकडंच देतोय. त्यानं आग लावलीय, त्यानंच वाहून न्यावं.

तुझा न बोलणारा
सर्जेरावमामा


रेल्वे कॉलनी, दौंड
६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. तुम्ही लिहिता, म्हणून मीही लिहिते. हौशीरामदादा पत्र देऊन लगेच जाणार होते, पण लाल सीट रिकामी दिसली तसे बसले. त्यामुळे टेम्पो आज उशिरा निघेल, तेवढं त्यांच्या घरी सांगा.

मामा, मी खोटं बोलले नाही. मशिनीत कॉम्प्युटर असतोच. पण "क्लास" असं तुम्ही म्हणालात तेव्हा गप्प बसले, हे मात्र खरं. म्हटलं, एकदा चालू झालं की दाखवू. तुमच्या चहाबद्दल मनापासून वाईट वाटलं.

आता ऐका, नाही, वाचा. पुण्यातल्या एका मॉलनं त्यांचा खेळाचा मजला बंद केला, तिथून मी दोन मोठी मशिनं आणली. एक निळ्या सीटचं, एक लाल. खरं स्टीअरिंग, पायात गती आणि ब्रेक, समोर मोठा पडदा. बसलं की मोटार डोंगरातल्या रस्त्यावर उभी असते. तीन दिवे लागतात, तिसरा हिरवा झाला की सुसाट. तीन फेऱ्या. वळणाला जरा आधी ब्रेक टेकवून गाडी तिरपी घसरवायची आणि वळण संपायच्या आत पुन्हा गती द्यायची. ते जमलं ना मामा, की आपोआप हसूच फुटतं. बाजूला टीव्हीवरचे छोटे गेम आहेत. एकात ससे न् कोल्हे चिमुकल्या गाड्यांतून पळतात आणि एकमेकांवर भोपळे फेकतात. कॉलनीतल्या बायकांना तो फार आवडतो, का ते मी लिहीत नाही. एक मोटारसायकलचा आहे, समुद्राकाठचा. त्यात हरलं तरी समुद्र बघून बरं वाटतं. आणि कोपऱ्यात एक जुनं विमानं पाडायचं मशीन, त्यावर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रेल्वेचे लोक येऊन तावातावानं बटणं बडवतात आणि हलके होऊन ड्युटीवर जातात.

तुम्ही विचाराल, तुला कुठून हे सुचलं. मामा, यात्रेत तुम्ही मला खांद्यावर बसवून घाटापर्यंत न्यायचात. गाडे जुपायची वेळ झाली की खाली उतरवायचात आणि म्हणायचात, "जा, वर बायकांत जाऊन बस." वरून मला धूळ दिसायची आणि भोंग्यातून तुमचा आवाज ऐकू यायचा. गाडा कधीच नीट दिसला नाही. मला तिथं खाली यायचं होतं, जिथून तो सुटतो. निळ्या सीटवर पहिल्यांदा बसले तेव्हा कुणी "वर जा" म्हणालं नाही. म्हणून हा गाळा मला हवाय. आतापर्यंत माझं स्वतःचं असं हे एकच आहे.

एकदा येऊन बसा. नाही आवडलं तर पाडव्याला किल्ली तुमच्या हातात.

तुमची
अनू


पवळेवस्ती, शिरूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमा,

पत्र मिळालं. मामीनं मोठ्यानं वाचलं, मी ऐकलं असं नाही, पण गोठा फार लांब नाही.

मी येणार नाही. ज्याला धूळ नाही, घाम नाही, शेणाचा वास नाही, ती शर्यत कसली? बैलाला पोरासारखं खाऊ घालावं लागतं, तेव्हा तो घाटात तुझं नाव राखतो. तुझ्या मोटारीला काय खाऊ घालतेस, वीज? ती तर वायरमन म्हणेल तेव्हाच.

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरनं मला घाटात उतरायला मनाई केलीय, हे तुला माहीत आहे. बैल म्हाळूकडं सांभाळायला दिलेत. या वर्षी यात्रेत मीसुद्धा वरच बसणार, तुझ्या त्या बायकांत. ते असू दे. म्हाताऱ्या माणसानं प्लास्टिकच्या सीटवर बसून पोरांपुढं हसं करून घ्यावं, एवढी पाळी अजून आलेली नाही.

फक्त माहिती म्हणून विचारतो. सीट किती उंच असते? गुडघा पूर्ण वाकवावा लागतो का? ब्रेक उजव्या पायानं की डाव्या? आणि दुकान मंगळवारी उघडं असतं का? औषधवाला विचारत होता.

मुदत पाडव्याचीच, त्यात बदल नाही.

तुझा
सर्जेरावमामा


रेल्वे कॉलनी, दौंड
२१ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

नमस्कार. औषधवाल्याला सांगा, सीट मागंपुढं सरकते, गुडघा अर्धाच वाकतो, दोन्ही काम उजव्या पायानं, आणि दुकान मंगळवारी उघडं असतं. औषधवाले फारच चौकस दिसतात.

या मंगळवारी मी मात्र दुकानात नव्हते. लाल सीटचं पेडल तुटलं होतं, ते आणायला सकाळच्या डेमूनं पुण्याला गेले. गाळ्यावर शेजारच्या सुषमाला बसवलं होतं. संध्याकाळी परत आले तर सुषमा हसून बेजार.

म्हणाली, एक म्हातारे गृहस्थ आले होते. टोपी, धोतर, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. निळ्या सीटवर बसले. हिरवा दिवा लागला, सगळ्या मोटारी सुटल्या आणि हे आपले जागेवर! पोरं ओरडतायत, "आजोबा, दाबा की!" तर हे म्हणाले, "थांब रं. त्यांची हुंदे की आधी." शेवटची मोटार वळणाआड गेल्यावर मग ह्यांनी पाय दाबला. अर्थात शेवटचा नंबर. पुन्हा बसले, पुन्हा तसंच. दुपारभर बसले आणि दर वेळी शेवटचे आले. पोरांनी हसून घेतलं, पण ते काही हलले नाहीत.

मामा, मला वाटतं ते रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर असणार. आमच्याकडं असे पुष्कळ आहेत. सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. विक्रमही तेच म्हणाला. बिचाऱ्यांना वाटलं असेल, पुढचा मार्ग मोकळा झालेला नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. मशीन शर्यतीच्या नंबराशिवाय सगळ्यात वेगवान एका फेरीची वेळसुद्धा लक्षात ठेवतं. तो रेकॉर्ड तीन महिने माझ्या नावावर होता. मंगळवारी कुणीतरी तो मोडला, थोडाथोडका नाही, चांगला दोन सेकंदांनी. नावाच्या जागी इंग्रजी ए तीनदा. म्हणजे ज्याला नाव टाकता आलं नाही आणि ज्यानं नुसतंच बटण दाबलं, असा कुणीतरी. मी तेव्हापासून रोज दुकान उघडायच्या आधी बसते, पण ती वेळ काही माझ्या हाती लागत नाही. त्या ड्रायव्हरबाबांना शोधून काढणार आहे. पाया पडेन आणि शिकवा म्हणेन.

तुमची
अनू


पवळेवस्ती, शिरूर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमा,

तो माणूस ड्रायव्हर नव्हता. म्हणजे नसावा. मला काय माहीत? पण विचार करून सांगतो.

त्याला सिग्नल-बिग्नल काही नको होता. त्याला रीत माहीत होती. आपल्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला त्याची बारी म्हणतात. तुझी बारी चालू असताना घाटात दुसरं चिटपाखरू नसतं. तू, तुझे बैल आणि घड्याळ. तुझी झाली की मग माझी. ज्याची वेळ कमी तो पहिला. कुणी कुणाला धडक देत नाही, कुणी कुणाचा रस्ता अडवत नाही. आणि तुझ्याकडं? सहा मोटारी एकदम! माणूस सभ्य असेल तर थांबणारच. त्याला शेवटचा नंबर देणाऱ्या मशिनीला रीत नाही, त्याचा काय दोष?

आणि पोरं हसली म्हणतेस. पोरांना सांग, पुढच्याला ढकलून पुढं जाण्यात कसलं कौतुक आलंय? परवा छोट्या टीव्हीवर त्या लाल शर्टवाल्यानं बारक्या पोराची मोटार मुद्दाम कठड्याला घासली, तेव्हा बारका रडायला आला होता. त्याला तू बोलली असतीस की नाही?

निळ्या सीटचा ब्रेक मात्र जरा सैल आहे. दुसऱ्या वळणाला कळतं. आवळून घे.

मुदत पाडव्याचीच.

तुझा
सर्जेरावमामा

ता.क. अनू, मी ताईबाई. ह्ये भायेर गेल्यात तवर खाली लिव्हते, पाकीट बी मीच चिकटवनार हाय. मंगळवारी ह्ये गुडघ्याच्या डाक्टरकडं म्हनून गेलं. डाक्टर शिरूरला आन् ह्ये उतरलं दौंडात. तवापास्नं जेवाय बसलं की ताट दोन्ही हातानं धरून असं डावं-उजवं फिरवत्यात. आमटी सांडती. काल म्या इचारलं, काय झालं वो, तर म्हनलं वळान हाय. ऑपरेशनपास्नं मानूस नुस्तं भिताडाकडं बघत बसायचं गं. लई दिसांनी हसल्यात. दुकान बंद करू नगंस.


रेल्वे कॉलनी, दौंड
४ मार्च २०२५

ती. मामांस,

दंडवत! इंजिन ड्रायव्हर म्हटल्याबद्दल एकदा, आणि रेकॉर्डबद्दल शंभरदा.

तुम्ही ओळखू येऊ नये म्हणून उपरणं गुंडाळलंत, मामा, पण दुसऱ्या वळणावरचा ब्रेक लिहून टाकलात. लाल शर्टवाल्याची गोष्ट तर मी तुम्हाला सांगितलीच नव्हती. मला हसू आवरेना. विक्रम ड्युटीवरून आला, त्यालाही वाचून दाखवलं. तो गंभीरपणे म्हणाला, "तरी सिग्नल पाळला हे बरं केलं."

पण हसून झाल्यावर मी बारीचा विचार करत बसले, आणि तुमचंच बरोबर आहे. माझ्या दुकानात मोठी पोरं धडका देतात, लहान रडतात, मुली लांब उभ्या राहून बघतात. मशिनीत एकट्यानं फक्त घड्याळाशी पळायचीही सोय आहे. आजवर कुणी मागितली नाही म्हणून मी कधी लावलीच नव्हती. परवा लावून बघितली. आणि मामा, त्यात काय निघालं सांगू? तुम्ही एकटे पळत असता, पण तुमच्या पुढं एक काचेसारखी आरपार दिसणारी मोटार पळते. ज्याचा रेकॉर्ड असेल त्याच्या त्या फेरीची ती सावली. ती धडकत नाही, अडवत नाही, नुसती पुढं पळते आणि आपल्याला ओढते.

मला लगेच आपल्या घाटातली घोडी आठवली. बैलांच्या पुढं जी पळते ती. आत्ता माझ्या मशिनीत तुम्ही घोडी आहात, मामा. मी रोज सकाळी तुमच्या मागं धावते.

तर माझं म्हणणं असं. रविवारी, २३ मार्चला, गाळ्यात घाट भरवू. एका वेळी एकच बारी, वेळेवर नंबर, आपल्या रीतीनं. पुकारायला तुम्ही पाहिजेत. आणि सगळ्यात शेवटी माझी बारी, तुमच्या वेळेवर. तुमची वेळ मोडली तर गाळा माझ्याकडं राहील. नाही मोडली तर मी स्वतः सामान हलवेन, एक शब्द न बोलता.

उत्तराची वाट बघते.

तुमची
अनू


पवळेवस्ती, शिरूर
१० मार्च २०२५

चि. अनुपमा,

मागच्या पत्राखाली काय लिहिलं ते तुझ्या मामीनं कबूल केलं. तिच्याशीही आता अबोला धरणार होतो, पण मग जेवायला वाढायला कुणाला सांगणार, म्हणून सोडून दिलं.

घाट मंजूर. पैज मंजूर. अटी माझ्या.

माइकवर मी बोलेन. ते लोकांशी बोलणं, तुझ्याशी नव्हे. तू समोर आलीस तरी मी लोकांकडं बघेन. नारळ फोडायचा तो उंबऱ्यावर, मशिनीजवळ नाही. भंडारा-गुलाल बाहेर, वायरीत गेला तर सगळा घाट बंद पडेल. ज्याची बारी त्याचं नाव, गाव सगळं नीट लिहून माझ्या हातात पाहिजे. घाटात आलेल्या माणसाला बिननावाचं सोडायचं नसतं, मग तो पहिला येवो नाहीतर शेवटचा. आणि लाल शर्टवाल्याची बारी पहिली लाव. एकट्याला पळू दे, ढकलायला कुणी नसलं की कळेल.

ती काचेची मोटार म्हणजे घोडी, हे बरोबर ओळखलंस. घोडीशिवाय बैल जीव खाऊन ओढत नाहीत. पण एवढं लक्षात ठेव, मी ती फेरी मारली तेव्हा माझ्या पुढं कुणी नव्हतं. तुझ्या पुढं मी आहे.

हौशीराम भोंगा आणि बॅटरी टेम्पोत घालून आणेल.

तुझा
सर्जेरावमामा


रेल्वे कॉलनी, दौंड
२५ मार्च २०२५

ती. मामा आणि सौ. मामी,

दोघांना नमस्कार. मामा, तुम्ही सगळं डोळ्यांनी बघितलंत, पण मामींना यायला जमलं नाही, म्हणून त्यांच्यासाठी सगळं लिहिते. तुम्ही गोठ्यातून ऐका.

मामी, असा रविवार दौंडानं बघितला नव्हता. भोंगा दुकानावर बांधला आणि मामांनी घसा साफ करून पहिली आरोळी दिली, "घाट मोकळा करा! कोपऱ्यातली पोरं मागं सरका!" गाळ्याबाहेर रस्त्यापर्यंत माणसं. स्टेशनातून बाहेर पडलेली मंडळी पिशव्या घेऊन तशीच थांबली. लाल शर्टवाला पोरगा पहिला बसला. ढकलायला कुणी नाही म्हटल्यावर त्याला काय करावं ते कळेना, पहिल्याच वळणाला कठड्यावर गेला. पण मामांनी त्याचं नाव-गाव असं दणक्यात पुकारलं, की उतरल्यावर त्यानंच टाळ्या घेतल्या, आणि पुढच्या बारक्या पोराला सीट मागंपुढं कशी करायची ते दाखवलं.

सोलापूरहून मालगाडी घेऊन आलेले एक ड्रायव्हर होते, परतीच्या ड्युटीपर्यंत थांबलेले. त्यांचा दुसरा नंबर. पहिला नंबर कुणाचा? आमच्या कॉलनीतल्या शितलचा! नर्सिंगला जाते, दुकानात यायची ती फक्त लांबून बघायला. तिची बारी सगळ्यात कमी वेळात बसली तसं मामा भोंग्यातून "भिर्रर्रर्र" करत असे काही ओरडले, की प्लॅटफॉर्मवरची माणसं वाकून बघायला लागली.

आणि आमची सुषमा! पदर खोचून बसली. प्रत्येक वळणाला भिंत, प्रत्येक भिंतीला "अगं बाई!" तिची वेळ सगळ्यात जास्त. मामा म्हणाले, "टाळ्या वाजवा मंडळी! पयल्याच बारीला समदा घाट दोनदा मोजून आल्यात बाई!" तिच्यावर सगळ्यांत जास्त गुलाल पडला. कालपासून तीन वेळा येऊन गेलीय, सराव करायचाय म्हणते. सासरी माहेरी दोन्हीकडं व्हिडिओ पाठवलाय.

शेवटी माझी बारी. दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत, शेवटच्या वळणावर, हात घामानं ओला झाला होता, तो घसरला. गाडी भिंतीला लागली. मामांची वेळ राहिली, माझी गेली. हरले.

मामा माइक ठेवून चहाही न घेता एसटीला निघून गेले, तेवढं मात्र लागलं. पण शब्द म्हणजे शब्द. शनिवारपर्यंत गाळा रिकामा करते. मशिनं सध्या विक्रमच्या मित्राच्या गोडाऊनमध्ये ठेवू. छोटे टीव्ही आजच बांधले. रडत नाही, मामी, खरंच. घाट भरला होता, आणि मी या वेळी वर बायकांत नव्हते. तेवढं पुरे आहे.

किल्ली पाडव्याला आणून देईन.

तुमची
अनू


पवळेवस्ती, शिरूर
२७ मार्च २०२५

चि. अनू,

तू खोटं लिहिलंस. हात घसरला नव्हता. मी त्याच पडद्याकडं बघत होतो, मला शिकवू नकोस.

तू बोगद्यातून बाहेर पडलीस तेव्हा काचेची मोटार तुझ्या मागं होती. मागं! माझी घोडी मागं पडली होती. एकच वळण राहिलं होतं. आणि माझ्या तोंडून भोंग्यातून निघालं, "अनू! सोडू नगं! दाब, माझे बाई, दाब!" दोन महिने तुझं नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते आपोआप बाहेर आलं. ते ऐकून तू मान वळवलीस. डोळ्यांत पाणी घेऊन माझ्याकडं बघितलंस. अगं येडे, बारी चालू असताना मामाकडं बघतात होय? आणि गाडी भिंतीत गेली.

मला तिथं उभं राहवेना. चहाचं सोड, एसटीत तिकीट कुठलं मागायचं ते सुचेना, कंडक्टरला दौंडचंच तिकीट मागत होतो. घरी येऊन मामीला सांगितलं. तिनं ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "तुमीच तिची गाडी पाडली न्हवं?" मग आज तुझं पत्र आलं, हात ओला होता म्हणून. मला वाचवायला लिहिलंस, एवढं काय मला कळत नाही? तू मला आवडतेस, अनू. तुझं दुकानही आवडतं. त्या सीटवर बसलो तेव्हा ऑपरेशननंतर पहिल्यांदा वाटलं, मी अजून घाटात आहे. हे तोंडानं सांगायला पाहिजे होतं, पण अबोला धरून बसलो होतो.

आता रीत ऐक. गाडा सुटल्यावर घाटात कुणी आडवं आलं, माणूस असो, जनावर असो, तर ती बारी धरत नाहीत. मालकाला बारी पुन्हा देतात. मागं एकदा कुत्रं आडवं गेलं तर कमिटीनं बारी परत दिली होती, मी स्वतः माइकवरून सांगितली होती. आणि मी कुत्र्यापेक्षा मोठा अडथळा आहे, मामीला विचार.

तेव्हा तुझी रविवारची बारी रद्द. तू हरलेली नाहीस, मीही जिंकलेलो नाही. औषधवाल्याला आज सकाळीच फोन करून दुसरीकडं बघा म्हणून सांगितलंय. बांधलेले टीव्ही सोड, मशिनीची एकसुद्धा वायर हलवू नकोस.

तुझी बारी पुन्हा होणार. कधी, ते कमिटी ठरवेल. या घाटाच्या कमिटीत मी एकटाच आहे, आणि मला कसलीही घाई नाही.

तुझा
मामा